हातभर तार

घरच्या घरी बॅटरी बांधणारी मंडळी एकत्र जमली की बोलणे फिरून फिरून सेलवर येते. कोणता सेल अस्सल, कोणता जुन्या लॅपटॉपमधून काढून नवे वेष्टन चढवलेला, कोणाची क्षमता किती मिलिअँपिअर-तास, कोणत्या गल्लीत किती रुपयांना. सेल संपले की बीएमएस नावाच्या हिरव्या पट्टीचा नंबर लागतो. तारेविषयी कोणी बोलत नाही. तार घरात कुठेतरी पडलेली असते, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘एक मीटर लाल, एक मीटर काळी’ एवढ्या वर्णनावर आणलेली असते. माझ्याकडे ज्या बिघडलेल्या बॅटऱ्या येतात त्यांतल्या अनेकींचे सेल मात्र धडधाकट निघतात. दोष असतो तो तारेत, किंवा तारेच्या टोकाशी. म्हणून या लेखात सेलांना बाजूला ठेवून फक्त तारेचा विचार करणार आहे.

मी साताऱ्यात वीजतंत्री हा व्यवसाय शिकवत असे. निवृत्तीनंतर अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत मोजमापाची चार उपकरणे मांडली आहेत, आणि जुने विद्यार्थी व गल्लीतली पोरे आपापली प्रकरणे घेऊन येतात. पूर्वी ती पंख्यांची आणि मिक्सरची असत. आता बहुतेक बॅटऱ्यांची असतात.

ज्यांचा या उद्योगाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लिथियम-आयन सेल बाजारात पहिल्यांदा आणला तो सोनी कंपनीने, १९९१ साली. आज छांदिष्टांच्या हातात सर्वाधिक दिसणारा आकार १८६५० या नावाने ओळखला जातो: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर उंची, वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. दिसायला घड्याळात घालतो त्या सेलचा थोराड भाऊ. एका सेलचा दाब सरासरी ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. चार सेल समांतर जोडून एक गट करायचा आणि असे तेरा गट एकसर जोडायचे, म्हणजे विजेच्या सायकलीला चालणारी ४८ व्होल्टची, ५२ सेलांची बॅटरी तयार होते. पूर्ण भरली की ती ५४.६ व्होल्ट दाखवते.

आपल्याकडे पाव किलोवॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची विजेची सायकल मोटार वाहनात मोडत नाही. तिला नोंदणी लागत नाही, चालवणाऱ्याला परवाना लागत नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली, त्याची चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. त्या उन्हाळ्यात देशात आणखीही गाड्या पेटल्या आणि पुढे दुचाकींच्या बॅटऱ्यांच्या चाचण्यांचे एआयएस-१५६ हे नियम कडक झाले. पण ते नियम कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांसाठी. घरी बांधलेल्या बॅटरीची ना चाचणी होते, ना तिच्यावर कोणाचा शिक्का असतो. ती बहुधा रात्री भरायला लावतात, आणि जिथे ती भरत असते त्याच खोलीत घरची माणसे झोपलेली असतात.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गल्लीतला एक मुलगा अशीच बॅटरी घेऊन आला. बारावी झालेला, हात चांगला. वडील पहाटे पेपर टाकतात, त्यांच्या सायकलीला त्याने मोटर बसवली होती आणि बॅटरी स्वतः बांधली होती. काम नीटनेटके होते. फक्त बॅटरीपासून कंट्रोलरकडे जाणाऱ्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या होत्या आणि त्यांच्यावरचे प्लास्टिक एका जागी ओघळून आतले तांबे दिसू लागले होते. दुसरीकडेही तांबे उघडे पडते तर दोन्ही ध्रुव एकमेकांना भिडले असते.

“सर, वायर वितळली, पण फ्यूज शाबूत आहे,” तो म्हणाला. “फ्यूज खराब लागला असेल का?”

मी फ्यूज तपासला. तीस अँपिअरचा, हिरवा, अगदी उत्तम स्थितीत. “अरे, फ्यूज चांगला आहे. तू ही तार कशावरून निवडलीस ते सांग.”

त्याचा हिशेब सरळ होता. मोटर २५० वॅटची, बॅटरी ४८ व्होल्टची. भागाकार केला की ५.२ अँपिअर येतात. अर्धा चौरस मिलिमीटरच्या तारेला पाच अँपिअर चालतात असे त्याने कुठेतरी पाहिले होते. फ्यूज मात्र ‘मजबूत असावा’ म्हणून तीसचा.

भागाकार बरोबर आहे, पण भाज्य चुकीचे आहे. मोटरीवर लिहिलेले २५० वॅट म्हणजे ती अखंड चालत राहिली तर न तापता किती काम करील त्याचा आकडा. सपाटीवर एका लयीत चाललेल्या सायकलीला तो लागू पडतो. साताऱ्यात सपाटी शोधावी लागते. पेपरचे गठ्ठे लादून चढावर निघालेली सायकल मोटरीकडून तिच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त मागते, आणि त्या मागणीला आवर घालणारी वस्तू एकच, ती म्हणजे कंट्रोलर. या सायकलीच्या कंट्रोलरवर १५ अँपिअर असे छापलेले होते. म्हणजे चढावर तारेतून ५ नव्हे, १५ अँपिअर वाहत होते. तारेचा विचार करताना मोटरीची पाटी वाचायची नाही, कंट्रोलरची वाचायची. हीच गोष्ट इन्व्हर्टरची: आत बसवलेल्या दिव्यांची बेरीज करून उपयोग नाही, इन्व्हर्टर जास्तीत जास्त किती ओढू शकतो ते पाहावे लागते. बारा व्होल्टवर चालणारा ५०० वॅटचा साधा इन्व्हर्टर भरात असताना चाळीसच्या वर अँपिअर ओढतो, आणि हे पुष्कळांना खरे वाटत नाही.

पाचच्या जागी पंधरा, म्हणजे तिप्पट. पण उष्णता तिप्पट होत नाही. जेम्स जूलने १८४१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह तिप्पट तर उष्णता नऊपट. आपण शाळेत विजेची तुलना नळातल्या पाण्याशी करतो, आणि दाब, प्रवाह, अडथळा हे शब्द समजायला ती बरी आहे. पण याच ठिकाणी ती तुलना माणसाला चकवते, कारण अरुंद नळातून जास्त पाणी ढकलले तर नळ तापलेला कोणी पाहिलेला नसतो.

आकडे मांडू. शुद्ध तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर जाडीच्या, एक मीटर लांबीच्या तारेचा रोध सुमारे १७ मिलिओहम असतो. एवढा एक आकडा पाठ केला की बाकी सगळे तोंडी करता येते. अर्ध्या जाडीला दुप्पट, म्हणजे ३४. अडीच चौरस मिलिमीटरला साधारण ७. त्या सायकलीत जाणारी आणि येणारी मिळून सव्वा मीटरच्या आत तार होती, १.२ मीटर धरू. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेचा रोध ४१ मिलिओहम आणि १५ अँपिअरवर त्यात जवळपास सव्वानऊ वॅट उष्णता. सव्वानऊ वॅट म्हणजे आजकालचा घरातला एक एलईडी दिवा. ऐकायला किरकोळ. पण ती उष्णता दोन मिलिमीटर व्यासाच्या तारेच्या अंगावरून बाहेर पडायची आहे. मोकळ्या हवेत टांगलेली एवढी बारीक तार या मानाने सभोवतालापेक्षा सत्तर-ऐंशी अंशांनी तापते. इथे ती रेक्झिनच्या पिशवीत, दुसऱ्या तारेला खेटून, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेली. साध्या पीव्हीसी वेष्टनाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. आणि तापलेल्या तांब्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्क्यांनी वाढत जातो, म्हणजे तार जितकी तापेल तितकी आणखी तापेल. वितळणे अपघाती नव्हते.

विहिरीवरच्या पंपाला तार टाकणारे शेतकरी आणि घरी बॅटरी बांधणारे छांदिष्ट यांचे प्रश्न इथे वेगळे होतात. विहीर घरापासून तीनशे मीटर लांब असली की तार तापण्याच्या कितीतरी आधी दाब इतका पडतो की मोटर गुरगुरत बसते. तिथे जाडी ठरते ती लांबीवरून. बॅटरीत तार हातभर असते. सव्वा मीटरच्या त्या वितळलेल्या तारेतही दाबाची घट जेमतेम ०.६ व्होल्ट होती, ४८ मध्ये ०.६. सायकल चालवणाऱ्याला पत्ता लागणार नाही. आखूड तार आपली अडचण दाबातून सांगत नाही. म्हणून ‘एवढ्याशा तुकड्याला काय होतेय’ हे जे वाक्य मी सतत ऐकतो ते पंपाच्या बाबतीत खरे आणि बॅटरीच्या बाबतीत खोटे आहे: लांबी कमी केली तर एकूण उष्णता कमी होते, पण प्रत्येक इंचाला वाट्याला येणारी उष्णता तेवढीच राहते, आणि वेष्टन वितळते ते त्या इंचाच्या तापमानाने.

माझा स्वतःचा ठोकताळा असा. बंद पिशवीत किंवा डब्यात असलेल्या तारेला प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे सतत पाच-सहा अँपिअर. मोकळ्या हवेत किंवा मिनिट-दोन मिनिटांच्या जोरापुरते दहापर्यंत. विक्रेत्यांच्या तक्त्यांत याच्या कितीतरी पट आकडे दिसतात, कारण त्यांनी तार मोकळ्यावर, उच्च तापमान सोसणाऱ्या वेष्टनासह आणि भरपूर तापू दिलेली धरलेली असते. तार वाचेल, पण तिला टेकलेला सेल वाचेल का हा प्रश्न तक्त्यात नसतो. लिथियम सेलच्या अंगाला ऐंशी-नव्वद अंशांची तार लावून ठेवणे मला मान्य नाही.

आता फ्यूजकडे. तीस अँपिअरचा फ्यूज तीसच्या वर गेल्याशिवाय हलणार नाही, आणि तार तर पंधरावरच वितळली. फ्यूज हा उपकरणाचा पहारेकरी आहे असा समज सार्वत्रिक आहे. त्याचे खरे काम तारेला वाचवणे हे आहे, आणि म्हणून क्रम ठरलेला: सर्वांत लहान आकडा उपकरणाच्या मागणीचा, त्याच्या थोडा वर फ्यूज, आणि त्याहून वर तारेची ताकद. त्या मुलाच्या बॅटरीत मधला आणि शेवटचा क्रमांक उलटे झाले होते. तशा मांडणीत तार हीच फ्यूज असते, फरक इतकाच की ती कुठे तुटायची हे आपण ठरवलेले नसते.

आम्ही तार बदलून ३.३ चौरस मिलिमीटरची, सिलिकॉन वेष्टनाची घातली आणि फ्यूज वीसचा केला. तो कंट्रोलरपाशी होता, तिथून हलवून बॅटरीच्या धन टोकापासून चार बोटांवर आणला, कारण फ्यूज आणि बॅटरी यांच्यामध्ये जेवढी तार राहील तेवढी बिनपहाऱ्याची. आणखी एक गोष्ट बदलली, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मोटारगाड्यांत वापरतात ते रंगीत पात्यांचे फ्यूज बहुधा ३२ व्होल्टपुरते बनवलेले असतात. बारा व्होल्टच्या गाडीत ते निर्धास्त. ५४ व्होल्टवर आतली पट्टी वितळली तरी तुटलेल्या टोकांमध्ये ठिणगीचा पूल टिकून राहू शकतो, कारण बॅटरीची वीज घरातल्या विजेसारखी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत नाही. त्याच आकाराचे ५८ व्होल्टचे फ्यूज मिळतात. दुकानदार कदाचित म्हणेल, “साहेब, सगळे सारखेच.” सारखे नसतात, आकडा फ्यूजच्या अंगावर किंवा पाकिटावर छापलेला असतो.

या सगळ्यात तांबे किती वाढले? जुन्या तारेत साधारण साडेपाच ग्रॅम होते, नवीत पस्तीस.

तार घ्यायला दुकानात गेल्यावर पुढचा गोंधळ सुरू होतो तो आकड्यांचा. आपल्या बाजारात तारेच्या तीन भाषा एकाच वेळी चालतात. घरातल्या वायरिंगची तार चौरस मिलिमीटरमध्ये: ‘दीडची द्या’, ‘अडीचची द्या’. मोटरी भरणारे रिवाइंडिंगवाले एसडब्ल्यूजी बोलतात. ही ब्रिटिशांनी १८८४ मध्ये लागू केलेली मोजपट्टी. जुने वायरमन अजूनही ‘तीन-वीस’, ‘सात-वीस’ म्हणतात ती तीच: वीस नंबरच्या तीन तारा किंवा सात तारा पिळलेल्या. आणि बॅटरीसाठी लागणारी मऊ सिलिकॉन तार चीनमधून येते ती एडब्ल्यूजी म्हणजे अमेरिकन क्रमांक लावून. दोन्ही मोजपट्ट्यांत आकडा वाढला की तार बारीक होते, कारण पूर्वी तार छिद्रांच्या पोलादी पट्टीतून ओढून बारीक करत आणि जितक्या वेळा ओढली तितका तिचा क्रमांक चढत असे. सोनाराला तार काढताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच पटेल. पण दोन्हींत बारा नंबर म्हणजे एकच तार नव्हे. अमेरिकन बारा ३.३ चौरस मिलिमीटर, ब्रिटिश बारा जवळजवळ साडेपाच. सोळा नंबरला अमेरिकन १.३, ब्रिटिश २.१. एखाद्याने परदेशी चित्रफितीतला ‘बारा गेज’ हा शब्द ऐकून इथल्या दुकानात मागितला तर नशिबाने जाड तार मिळेल. उलट ब्रिटिश तक्ता पाहून अमेरिकन तार आणली तर ती आपल्या हिशेबापेक्षा चाळीस टक्क्यांनी बारीक निघेल. माझा आग्रह असतो की वहीत सगळे चौरस मिलिमीटरमध्ये उतरवावे. अमेरिकन मोजपट्टीचा एक गुण मात्र सांगायला हवा. तीत तीन क्रमांक खाली उतरले की तांबे दुप्पट होते, सहा उतरले की व्यास दुप्पट. दहा नंबर ५.३, तेरा नंबर त्याच्या निम्मा. हे डोक्यात बसले की तक्ता लागत नाही.

जाडी ठरली, तरी ती जाडी कशाची? सध्याचा सर्वांत मोठा घोळ इथे आहे. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची तार बाजारात सर्रास मिळते. तिचा काही कामांना उपयोग आहे, आणि तसे सांगून विकली तर माझी तक्रार नाही. पण ती तांबे म्हणून विकली जाते. एका दुकानातून ‘अडीचची, प्युअर कॉपर’ म्हणून घेतलेली तार मी मोजली तेव्हा मीटरला ७ च्या जागी ११ मिलिओहम भरली. म्हणजे पैसे अडीचचे आणि तार दीडची.

हा प्रश्न नवा नाही, तो तारायंत्राइतका जुना आहे. अटलांटिक महासागराखालून पहिली केबल टाकायची तयारी चालू असताना विल्यम थॉमसन या ग्लासगोच्या प्राध्यापकाने वेगवेगळ्या कारखान्यांतल्या तांब्याच्या तारा मोजून पाहिल्या आणि १८५७ मध्ये जाहीर केले की दिसायला एकसारख्या, तांबे म्हणूनच विकल्या जाणाऱ्या तारांच्या वाहकतेत फार मोठी तफावत आहे. तोवर तांबे म्हणजे तांबे, असेच व्यवहारात धरले जाई. केबल अधिक जाड आणि अधिक शुद्ध तांब्याची असावी असे त्याचे म्हणणे होते. तोपर्यंत केबल बनून गेली होती, तिच्यात एका सागरी मैलाला १०७ पौंड तांबे होते. ऑगस्ट १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश तीतून जायला सोळा तास लागले. कंपनीचा विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस याने संदेश पोचेना म्हणून दाब सुमारे दोन हजार व्होल्टपर्यंत चढवला, आणि तीनेक आठवड्यांत केबल मुकी झाली. १८६६ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने जी केबल यशस्वीपणे टाकली तीत मैलाला ३०० पौंड तांबे होते. अपयशाला एकच कारण नव्हते, वेष्टनातही दोष होते. पण तारेत तांबे किती आणि कोणत्या प्रतीचे हा प्रश्न करारात लिहिण्याइतका महत्त्वाचा ठरला तो या प्रकरणातून.

हाच थॉमसन पुढे लॉर्ड केल्विन झाला, आणि अत्यल्प रोध मोजायची त्याच्या नावाची पद्धत मी अंगणातल्या खोलीत रोज वापरतो. महाग उपकरण लागत नाही. तारेतून नियंत्रित पुरवठ्याने पाच अँपिअर सोडायचे, आणि प्रवाहाचे चिमटे सोडून, त्यांच्या आतल्या बाजूला बरोबर एक मीटर अंतरावर दोन ठिकाणी मल्टिमीटरच्या सुया टेकवायच्या. अडीचच्या खऱ्या तांब्यावर ३५ मिलिव्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. पंचावन्न दिसले तर काय ते समजावे. ज्यांच्याकडे पुरवठा नाही त्यांनी सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या बारीक काट्यावर वजन करावे: वेष्टन सोललेल्या अडीचच्या एक मीटर तांब्याचे वजन २२ ग्रॅम, मुलाम्याच्या तारेचे दहाच्या आत. आणि तेही नको असेल तर पात्याने एक तार खरवडावी. बाहेर तांबडी आणि आत पांढरी, तर अॅल्युमिनिअम. बाहेर पांढरी आणि आत तांबडी, तर ती कथलाची कल्हई केलेली चांगली तांब्याची तार. ती फसवणूक समजून परत करू नका, असे लोक मी पाहिले आहेत.

सायकल हादरते, त्यामुळे एकसंध तार बॅटरीत चालत नाही. वाकून वाकून तांबे कडक होते आणि एक दिवस आतल्या आत तुटते. बारा नंबरच्या सिलिकॉन तारेत ०.०८ मिलिमीटरचे ६८० केसासारखे तंतू असतात, म्हणून ती दोरीसारखी पडते. तिचे वेष्टन १८०-२०० अंश सोसते, पण धारेपुढे ते अगदी दुबळे, नखानेही फाटते. घरातल्या पीव्हीसीच्या तारेचे नेमके उलट. डाग लावताना कथील तंतूंमधून वर चढते आणि जिथे ते थांबते तिथे तार पुन्हा एकसंध तारेसारखी ताठ होते, तुटते ती तिथेच. म्हणून डागापासून दोन बोटांवर तार बांधून ठेवावी, म्हणजे हेलकावा डागापर्यंत पोचत नाही. चांगल्या पकडीने दाबून बसवलेला लग मला डागापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो. साध्या पक्कडीने चेपलेला मात्र मुळीच नाही.

आणि टोकांकडे लक्ष द्यायचे कारण गणिती आहे. बारा नंबरच्या एक मीटर तारेचा रोध पाच मिलिओहम. अर्धवट बसलेल्या कनेक्टरचाही सहज तेवढाच भरतो. म्हणजे जी उष्णता मीटरभर तारेवर पसरली असती ती मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत निघते. चढ चढून आल्याबरोबर सगळ्या जोडांना हात लावून पाहावा. जिथे बोट टिकत नाही तिथे साठ अंशांच्या आसपास आहे असे समजून तो जोड उघडावा.

बॅटरीच्या आत सेलांना जोडणारी निकेलची पट्टीही तारच आहे, चपटी. आठ मिलिमीटर रुंद, ०.१५ मिलिमीटर जाड पट्टी भरभक्कम दिसते, पण निकेलचा रोध तांब्याच्या चौपट असल्याने ती ०.३ चौरस मिलिमीटर तांब्याएवढीच. गटागटांमध्ये चार पट्ट्या समांतर असतात तोवर पंधरा अँपिअरचे चार वाटे होतात आणि निभावते. शेवटच्या गटावर मात्र जाड तार एका कोपऱ्यात जोडली की चारही सेलांचा प्रवाह एका पट्टीतून त्या कोपऱ्याकडे धावतो. त्या गल्लीतल्या मुलाच्या बॅटरीतही पट्टी तेवढ्याच भागात निळसर पडली होती. आम्ही तांब्याची तार चारही सेलांवरून आडवी नेऊन पट्टीला चार ठिकाणी जोडली. निकेल म्हणून पोलादाची मुलामा दिलेली पट्टीही खपवतात, आणि लोहचुंबक इथे कामाचा नाही, कारण तो दोन्हींना चिकटतो. कानशीने ओरखडा काढून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवावी. सकाळी गंज दिसतो.

शेवटी त्या बारीक, रंगीबेरंगी तारा, ज्या बीएमएसकडून प्रत्येक गटाकडे जातात. त्यांचे काम दाब वाचण्याचे. त्यांतून वाहतात ते मिलिअँपिअर, म्हणून त्या ०.२ चौरस मिलिमीटरच्या असतात आणि त्या मानाने त्या पुरेशाही आहेत. पण त्यांच्या दुसऱ्या टोकाला चार सेलांचा गट उभा आहे. शेजारच्या दोन तारा पट्टीच्या धारेवर कापून एकमेकींना लागल्या, तर तीस-तीस सेंटिमीटरच्या त्या दोन तुकड्यांतून साठ-सत्तर अँपिअर निघू शकतात आणि हिशेबाने तांबे एका सेकंदात पाचशे अंशांहून अधिक चढते. मुख्य फ्यूजला यातले काही कळत नाही, तो या वाटेवरच नाही. काही जण प्रत्येक बारीक तारेला गटापाशीच छोटा फ्यूज लावतात, आणि मला ते जास्तीचे वाटत नाही. ते जमत नसेल तर निदान या तारा सेलांच्या मधल्या खाचांतून न्याव्यात, पट्टीवरून आडव्या नेऊच नयेत, आणि जिथे ओलांडाव्याच लागतील तिथे खाली इन्सुलेशनचा कागद घालावा. छांदिष्ट त्याला फिश पेपर म्हणतात आणि बाहेरगावाहून मागवतात. मोटर रिवाइंडिंगच्या कोणत्याही दुकानात जाऊन लेदरॉइड मागा, त्याच्याच नात्यातला कागद आहे. तो वजनावर मिळतो, आणि दुकानदाराकडे कापून उरलेले तुकडे बहुधा पडलेले असतात. एका बॅटरीला तेवढे पुरतात.